देव, माणूस आणि उत्क्रांती: धर्माच्या वैज्ञानिक अभ्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कॉलेजांत आणि वाचनालयांत या विषयावर बोलते. भाषण संपल्यावर हात फारसे वर होत नाहीत. खरे प्रश्न येतात ते नंतर, चहाचा कप हातात असताना, आणि बहुतेक ठिकाणी तेच ते येतात. ते इथे लोकांच्याच शब्दांत उतरवले आहेत आणि जमेल तितकी सरळ उत्तरं दिली आहेत.

धर्माचा वैज्ञानिक अभ्यास म्हणजे करतात तरी काय?

माणूस जिथे जिथे राहिला तिथे तिथे त्याने न दिसणाऱ्या शक्ती मानल्या, मेलेल्यांना निरोप देण्याच्या रीती पाळल्या, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या गोष्टी केल्या. हे असं का झालं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं का झालं, हे शोधायचं.

भाषेच्या अभ्यासाशी तुलना करून पाहा. मराठी श्रेष्ठ की कन्नड, हे भाषेचा अभ्यासक ठरवत बसत नाही. मूल भाषा कशी उचलतं, पिढ्यांगणिक ती कशी बदलते, शेजारच्या भाषेकडून काय घेते, हे तो पाहतो. इथेही तसंच. कोणी वर्षभर एखाद्या गावात राहून जत्रा, नवस, मयत सगळं पाहतं. कोणी लहान मुलांना गोष्ट सांगून प्रश्न विचारतं. कोणी पूजा करणाऱ्याच्या छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजतं. कोणी जमिनीतून निघालेली हाडं आणि मणी तपासतं. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: या प्राण्याला धर्म का लागला?

म्हणजे तुम्हाला देव नाही असं सिद्ध करायचंय ना?

नाही. आणि हे मी सभेची मर्जी राखायला म्हणत नाही. माणसाला मोजता का येतं याचं उत्क्रांतीतलं कारण उद्या पूर्ण उलगडलं, म्हणून दोन आणि दोन पाच होणार नाहीत. एखादी समजूत मनात कशी आली हा एक प्रश्न आहे, ती खरी आहे का हा दुसरा. या क्षेत्रातले एक मोठे संशोधक जस्टिन बॅरेट स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बरोबरीने काम करणारे कित्येक जण देव मानत नाहीत. प्रयोगाच्या टेबलावर त्यांचं भांडण होतं ते आकड्यांवरून.

पण या अभ्यासाने श्रद्धेला काहीच धक्का बसत नाही, असं म्हणणंही प्रामाणिक नाही. 'जगातल्या सगळ्या लोकांना देव सुचला, म्हणजे तो असलाच पाहिजे,' एवढ्यावरच कोणाची श्रद्धा उभी असेल, तर सगळ्यांना देव सुचण्याची दुसरीही कारणं असू शकतात हे इथे कळतं. त्यापुढचा विचार ज्याचा त्याने करायचा.

याची सुरुवात कुठून झाली?

एका कुत्र्यापासून, असं म्हणायला मला आवडतं. चार्ल्स डार्विनने १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवर लिहिताना आपल्या कुत्र्याचा किस्सा नोंदवला आहे. उन्हाचा, वारा पडलेला दिवस. कुत्रा हिरवळीवर पसरलेला. थोड्या अंतरावर एक उघडी छत्री पडली होती. मधूनच वाऱ्याची झुळूक यायची, छत्री हलायची, आणि दर वेळी कुत्रा गुरगुरून भुंकायचा. जवळ माणूस असता तर त्याने लक्षही दिलं नसतं. डार्विनचा तर्क असा, की कारण दिसत नसताना वस्तू हलली म्हणजे कोणीतरी अनोळखी जिवंत हजर आहे, असं त्या कुत्र्याच्या मनाने झटकन धरलं असावं.

त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरने सगळ्या वस्तूंत आत्मा पाहणं हे धर्माचं मूळ मानलं. १९१२ मध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने उलट बाजू लावून धरली: धर्म हा समाजाला एकत्र बांधणारा धागा, एकट्या माणसाच्या मनात तो शोधू नका. पुढे कितीतरी दशकं मानसशास्त्र आणि समाजशास्त्र आपापल्या खोलीत बसून राहिलं. १९८०मध्ये मानववंशशास्त्रज्ञ स्ट्युअर्ट गथ्रीने, आणि मग पास्कल बोयर, बॅरेट, स्कॉट अ‍ॅट्रन या संशोधकांनी त्या दोन खोल्यांमधलं दार उघडलं.

छत्री हलली आणि देव जन्मला? इतकं सोपं?

आपल्याकडे दोरी आणि साप ही जोडी वेदान्तात जुनी आहे. अंधारात दोरीला साप समजलं तर काय बिघडतं? दचकून उडी मारली, घाम फुटला, संपलं. पण सापाला दोरी समजून पाय टाकला तर? हजारो पिढ्या हा हिशेब चालला. जो उगाच घाबरायचा तो वाचला, त्याचीच लेकरं आपण. गथ्रीचा मुद्दा थोडक्यात हाच आहे. आपल्या मनाची कर्ता शोधण्याची सवय जरा जास्तच तिखट आहे. ढगात चेहरा दिसतो, रात्री खिडकी वाजली तर आधी 'कोण आहे?' विचारतो, 'काय आहे?' नाही.

हे ऐकायला इतकं पटतं की त्यातच धोका आहे. ज्यांना पटकन असे भास होतात तेच जास्त श्रद्धाळू असतात का, हे तपासायला गेल्यावर पुरावा तोकडा पडला. भास सगळ्यांना होतात, पण त्याला मुंजा म्हणायचं, की जिन, की नुसता वारा, हे आपल्याला घर आणि गाव शिकवतं. म्हणून उत्क्रांती एवढंच बोलून थांबता येत नाही, संस्कृती लगेच मधे येते.

शेंदूर फासलेल्या दगडात देव का दिसतो? दुसऱ्या दगडात का नाही?

तांदळा डोळ्यांसमोर आणा. नाक-डोळे न कोरलेला, शेंदराच्या थरांवर थर चढून गुळगुळीत झालेला दगड. बाकी सगळ्या बाबतींत तो दगडच असतो: उचलला तर जड, पावसात भिजतो, एका जागी बसून राहतो. फक्त एक गोष्ट वेगळी, तो ऐकतो. आणि ऐकतो म्हणताच बाकीचं आपोआप येतं: तो लक्षात ठेवतो, रागावतो, नवस विसरलात तर त्याला वाईट वाटतं.

बोयरचं म्हणणं असं, की ज्या कल्पना नेहमीच्या समजुतीला एखाद-दुसऱ्या ठिकाणीच छेद देतात त्या चांगल्या लक्षात राहतात आणि पसरतात. ऐकणारा दगड टिकतो. दर मंगळवारी अदृश्य होणारा, मागच्या जन्मी पाणी असलेला, फक्त डावखुऱ्यांना दिसणारा, ऐकणारा दगड टिकत नाही. सांगणाराच विसरतो. हे लक्षात राहण्याचे प्रयोग फ्रान्स, गॅबन आणि नेपाळ अशा तीन दूरदूरच्या ठिकाणी झाले आणि कल बराचसा सारखा निघाला.

मात्र लक्षात राहणं वेगळं आणि पुजणं वेगळं. बोलणारा कोल्हाही लक्षात राहतो, त्याला कोणी नारळ फोडत नाही. तो फरक पडतो दगडापुढे माणसं काय करतात त्यामुळे. आजी अनवाणी जाते, आई उपास सोडत नाही, सोन्याची नथ वाहिली जाते, हे मूल पाहत असतं. जोसेफ हेन्रिक या संशोधकाने २००९ मध्ये हाच मुद्दा मांडला. नुसतं सांगितलेलं मूल घेत नाही. ज्यासाठी मोठी माणसं खरोखर काही सोडतात, सोसतात, ते घेतं. 'देव मान' असं रोज सांगणाऱ्या पण स्वतः काहीच न करणाऱ्या घरात श्रद्धा का रुजत नाही, याचं उत्तर यात बरंचसं मिळतं.

देव चराचरात आहे म्हणायचं, आणि त्यालाच झोपवायचं, उठवायचं. ही विसंगती नाही का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

पंढरपुरात आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. मग यात्रा सरेपर्यंत देव झोपत नाही, रात्रंदिवस दर्शन चालू. पाठीला लोड देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते, कढत पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात. हे करणाऱ्या कोणालाही विचारा, देव कुठे आहे? तो सांगेल, कुठे नाही? आणि पुढच्याच क्षणी हळहळेल, किती उभं राहावं लागलं हो देवाला.

बॅरेट आणि फ्रँक काइल यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत याचाच प्रयोग केला. सर्वज्ञ, सर्वव्यापी देव मानणाऱ्यांना एक गोष्ट वाचायला दिली. नदीत खडकांमध्ये पाय अडकलेला मुलगा प्रार्थना करतो. त्या वेळी देव जगात दुसरीकडे कोणाची तरी प्रार्थना ऐकत असतो. थोड्या वेळाने मुलगा सुटतो. नंतर आठवून सांगताना कित्येकांनी असं सांगितलं, की देवाने आधी तिकडचं काम उरकलं आणि मग तो इकडे आला. गोष्टीत तसं लिहिलेलंच नव्हतं. विचारलं असतं तर याच लोकांनी देव एका वेळी सगळीकडे असतो असं ठासून सांगितलं असतं. बॅरेट यांनी पुढे भारतात हिंदूंबरोबर असाच प्रयोग केला, कल तोच दिसला.

शांतपणे विचार करताना माणूस शास्त्रातला देव सांगतो. मन घाईत असलं, की त्याला ओळखीचा, दमणारा, वाट पाहणारा देव लागतो. यात मला ढोंग दिसत नाही. मनाचं यंत्र माणसांशी वागायला घडलं आहे, ते देवाशीही माणसासारखंच वागतं. आणि प्रक्षाळपूजेचा काढा पाहताना मला तर असं वाटतं, की सर्वव्यापी तत्त्वावर प्रेम करायची अडचण आपल्या लोकांनी फार सुंदर रीतीने सोडवली आहे.

लहान मुलं जन्मतःच आस्तिक असतात का?

तयार देव घेऊन कोणी जन्मत नाही. मुलांच्या विचारांना काही ओढी मात्र असतात. डेबोरा केलेमन यांना असं आढळलं, की टोकदार खडक टोकदार का, असं विचारल्यावर लहान मुलं 'प्राण्यांनी त्यावर बसू नये म्हणून' अशा धाटणीची उत्तरं पसंत करतात. सगळं कशासाठी तरी असतं, हे त्यांना सहज वाटतं.

२००४ मध्ये जेसी बेरिंग आणि डेव्हिड बियोर्कलंड यांनी मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. एका उंदराला मगर खाते. मग विचारलं, आता उंदराला भूक लागेल का? बरीच मुलं नाही म्हणाली. तो अजून आईवर प्रेम करत असेल का? इथे मात्र बऱ्याच मुलांनी हो म्हटलं. शरीर थांबलं हे त्यांना कळतं, मन थांबलं हे कल्पनेत बसत नाही.

पण रीटा अस्तुती यांनी पॉल हॅरिस यांच्यासोबत मादागास्करच्या वेझो लोकांमध्ये मोठ्यांना आणि मुलांना असंच विचारलं तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. गोष्टीत नुसतं प्रेत असेल तर लोक 'संपलं सगळं' म्हणायचे. त्याच गोष्टीत थडगं आणि पूर्वजांचे विधी आले, की मेलेला माणूस ऐकतो, जाणतो अशी उत्तरं वाढायची. आपल्या घरचंही आठवून पाहा. दवाखान्यात 'गेले' म्हणतो, आणि दहाव्याला कावळा शिवला नाही की 'काहीतरी राहिलंय त्यांचं' म्हणतो.

मेंदूत देवाचा बिंदू आहे म्हणे? आणि देवाचं जनुक?

दोन्ही बातम्या फिरतात, दोन्ही सोडून द्या. डोक्यावर चुंबकीय शिरस्त्राण चढवलं की कोणाची तरी चाहूल लागते, असा एक गाजलेला दावा होता. २००५ मध्ये स्वीडिश संशोधकांनी नीट काळजी घेऊन तो तपासला, तेव्हा चुंबक चालू असो वा बंद, फरक पडला नाही. ज्यांचं मन अशा सूचनांना लवकर बळी पडतं त्यांना अनुभव आले, एवढंच. एका जनुकावर धर्म ठरतो हा दावाही उभा राहिला नाही.

मग धर्म उपयोगी होता म्हणून टिकला, की नुसता अपघाताने मागे लागला?

यावर या क्षेत्रात खरंच वाद आहे. एका गटाच्या मते धर्म हा दुसऱ्याच कामांसाठी घडलेल्या मनाचा आनुषंगिक परिणाम आहे. रक्ताचा रंग लाल असण्याचा काही उपयोग नसतो, प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य लाल असतं म्हणून रक्त लाल दिसतं. तसं. दुसरा गट म्हणतो, ज्या टोळ्यांना समान देव आणि समान विधी होते त्या एकजुटीने राहिल्या, म्हणून त्या वाढल्या.

मला स्वतःला मधली वाट पटते. कच्चा माल आनुषंगिक असावा. त्यातून कोणते देव, कोणते विधी पुढच्या पिढीकडे गेले, हे मात्र संस्कृतीच्या चाळणीने ठरवलं, आणि त्या चाळणीत उपयोगाला महत्त्व होतं. कोणाच्या उपयोगाला, हा प्रश्न विसरू नका. जोसेफ वॉट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आग्नेय आशिया आणि पॅसिफिक बेटांवरच्या, ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा बोलणाऱ्या ९३ समाजांची माहिती तपासली. नरबळीची प्रथा जिथे होती तिथे उच्च-नीच उतरंड पक्की होत गेली, असं त्यांना दिसलं. धर्माने माणसं जोडली हे खरं, आणि काहींना काहींच्या पायाखाली ठेवायला तो वापरला गेला हेही तितकंच खरं.

पूजा-पाठाने खरंच काही होतं का?

मन शांत होतं का, असा प्रश्न असेल तर मोजून पाहिलेलं उत्तर आहे, आणि ते मराठी माणसांवरच मोजलेलं आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहत होते. त्यांच्या लक्षात आलं, की प्रवाळाच्या भिंतीआडच्या शांत, उथळ पाण्यात मासे धरायला जाताना तिथले लोक काहीच मंत्र-तंत्र करत नाहीत. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र विधींची रांग लागते. जिथे कसब पुरतं तिथे विधी नाही, जिथे जिवाचा भरवसा नाही तिथे विधी.

बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी हे तुम्ही पाहिलं असेल. ड्रायव्हर गाडी हळू करतो, कपाळाला हात लावतो, नाणं टाकतो. सपाट रस्त्यावर त्याला मैलामैलाला असं वाटत नाही.

आता मॉरिशस. ऊसमळ्यांवर कामाला गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मार्टिन लांग, यान क्राट्की आणि दिमित्रिस झिगालाटास यांनी या समाजातल्या ७५ जणांबरोबर प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आधी सगळ्यांना लोकांसमोर भाषण करायचं आहे असं सांगून ताण दिला. (माईक पुढे आला की भल्याभल्यांचं काय होतं ते मी रोज पाहते.) मग काही लोकांना त्यांच्या नेहमीच्या देवळात नेहमीची पूजा करायला पाठवलं, बाकीच्यांना नुसतं शांत बसायला सांगितलं. पूजा केलेल्यांनी भीती कमी झाल्याचं सांगितलं, आणि हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदींनीही त्याला दुजोरा दिला.

का होत असेल असं? एक अंदाज असा, की त्याच क्रमाने, त्याच हातांनी, शंभरदा केलेल्या हालचाली मनाला पुढचं काय ते ठाऊक असल्याचा दिलासा देतात. आधी समई, मग गंध, मग फूल, मग निरांजन. बाहेर काहीही चालू असो, इथे पुढची पायरी माहीत आहे. नेमका कशाने किती फरक पडतो हे अजून पक्कं झालेलं नाही. आणि यावरून कोणी आजार बरा करण्याचे दावे केले तर त्याला या अभ्यासाचा आधार नाही. धडधड कमी होणं आणि गाठ विरघळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग अंगाला त्रास देणारे विधी कशाला? लोटांगणं, गळ, निखारे?

तिथेच, मॉरिशसमध्ये, तमिळ समाजाच्या थैपूसम उत्सवात भक्त गालांतून सळया आणि पाठीतून आकडे टोचून घेतात आणि कावडी घेऊन उन्हात डोंगर चढतात. झिगालाटास आणि सहकाऱ्यांनी सामूहिक प्रार्थनेनंतर आणि कावडीनंतर अशा दोन वेळी लोकांना २०० रुपये दिले आणि त्यातले हवे तेवढे देवळाच्या निधीत गुप्तपणे टाकायला सांगितले. कावडीनंतर लोकांनी बरेच जास्त दिले. ज्यांना जास्त वेदना झाल्या त्यांनी जास्त दिले. आणि स्वतः टोचून न घेता नुसते सोबत चाललेल्यांचे हातही सैल झाले.

याचा एक अर्थ असा, की महागडं कृत्य म्हणजे न बोलता दिलेली ग्वाही. मी तुमच्यातला आहे, असं तोंडाने कोणीही म्हणेल. पाठीत आकडा टोचून घ्यायला लबाड माणूस धजणार नाही. रिचर्ड सोसिस यांनी १९व्या शतकातल्या अमेरिकेतल्या ८३ सामूहिक वसाहतींच्या, म्हणजे एकत्र राहून सगळं वाटून घेणाऱ्या वस्त्यांच्या, नोंदी चाळल्या. धार्मिक वसाहतींत सभासदांवर जितकी जास्त बंधनं, तितकी वसाहत जास्त टिकली. धर्म नसलेल्या वसाहतींत बंधनं वाढवून तसा फायदा दिसला नाही.

वारीला जाऊन आलेली माणसं दमलेली दिसण्याऐवजी ताजी का दिसतात?

मी एकदा पुणे ते सासवड चालले, दिवेघाटातून. सासवडला पोचले तेव्हा दोन्ही टाचांना फोड. शेजारी बसलेल्या एका बाईंनी, नाव ना गाव, 'माउली, पाय द्या इकडं' म्हणून माझा पाय स्वतःच्या मांडीवर ओढला आणि तेल चोळलं. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या होत्या. मला इतकी लाज वाटली, आणि त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही.

प्रयागराजच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत तंबूत राहणाऱ्या कल्पवासींचा अभ्यास निक हॉपकिन्स, स्टीफन रायकर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केला, तो २०१२ मध्ये आला. मेळ्याआधी आणि मेळा संपल्यानंतर दोन्ही वेळा प्रश्न विचारले, आणि न गेलेल्यांशी तुलना केली. गर्दी, थंडी, गोंगाट, सगळं सोसूनही गेलेल्यांना आपली तब्येत सुधारल्यासारखी वाटली. याच गटाने लोकांना एक अस्पष्ट गोंगाट ऐकवला. तो मेळ्यातला आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी तो जास्त वेळ ऐकला, शहरातला आहे म्हटल्यावर कमी. आवाज तोच होता. आपल्या माणसांचा गोंगाट वेगळा ऐकू येतो.

देवाच्या धाकाने माणसं नीट वागतात, हे खरं का?

थोडंफार, आणि काही अटींवर. बेंजामिन पर्झिकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातल्या आठ ठिकाणच्या ५९१ लोकांना एक साधा खेळ दिला. समोर नाणी, दोन वाट्या आणि दोन रंगांचा फासा. मनात एक वाटी ठरवायची, फासा टाकायचा. एक रंग आला तर ठरवलेल्या वाटीत नाणं, दुसरा आला तर दुसऱ्या वाटीत. एक वाटी आपल्या गावकऱ्यांची, दुसरी दूरच्या, कधी न भेटलेल्या पण त्याच देवाच्या लोकांची. मनात काय ठरवलं ते कोण पाहणार? देव सगळं पाहतो आणि शिक्षा करतो असं ज्यांना जास्त वाटत होतं, त्यांनी दूरच्या अनोळखी लोकांच्या बाबतीत कमी लबाडी केली. लक्षात घ्या, ते अनोळखी होते पण आपल्याच धर्माचे होते.

मग मोठी राज्यं आधी आली की पाप-पुण्य पाहणारे मोठे देव आधी? २०१९ मध्ये एका नामांकित विज्ञान-नियतकालिकात ४१४ समाजांच्या माहितीवरून निष्कर्ष आला, की राज्यं आधी. इतर अभ्यासकांनी आकडे उघडून पाहिले. जिथे नोंदच नव्हती तिथे 'असे देव नव्हते' असं धरलं गेलं होतं. २०२१ मध्ये लेखकांनी तो लेख मागे घेतला. हे मी प्रत्येक भाषणात सांगते. जिथे चूक पकडता येते आणि मान्य करता येते, तिथेच मला हा अभ्यास विश्वासाचा वाटतो.

धर्म किती जुना आहे?

विचार दगडात राहत नाहीत, म्हणून नेमकं वर्ष मागू नका. सुमारे एक लाख वर्षांपूर्वी आजच्या इस्राएलमधल्या गुहांत माणसांनी आपली माणसं पुरली होती. रशियात सुंगीर इथे तीस हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या दफनांत हस्तिदंताचे हजारो मणी सापडले. एक एक मणी हाताने घासलेला. मेलेल्यासाठी इतके तास कोणी उगाच घालवत नाही. तुर्कस्तानात गोबेक्ली तेपे इथे सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, शेती नीट रुजण्याआधी, शिकार करून जगणाऱ्यांनी प्रचंड कोरीव खांब उभारले. त्याला देऊळ म्हणायचं का, यावर पुरातत्त्वज्ञांत अजून वाद आहे.

हा सगळा पाश्चात्त्यांचा खटाटोप. आपल्याकडे कोणी केलं का असं काही?

केलं, आणि चपला झिजवून केलं. गोव्यात जन्मलेले, पेशाने गणिती असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडायचे. म्हसोबा, वेताळ, मातृदेवतांची ठाणी जिथे, तिथेच त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडत गेली. गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसांच्या प्राचीन वाटा आणि आजची ठाणी यांचा संबंध त्यांनी जोडला.

इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि वारीत चालल्या. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिलं आणि लपवलं नाही. जर्मनीहून आलेले गुंथर सोन्थायमर धनगरांबरोबर हिंडले. खंडोबाची एक बायको म्हाळसा लिंगायत वाण्यांची, दुसरी बाणाई धनगरांची. रानातली मेंढरं आणि बाजारातलं दुकान एका देवाच्या संसारात नांदतात. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या रूपात किती प्रवाह मिसळले ते आयुष्यभर शोधलं. यांच्यापैकी कोणी हृदयाचे ठोके मोजले नाहीत. पण त्यांनी जे पाहून ठेवलं आहे त्याच्याशिवाय आज महाराष्ट्रात कोणी मोजायला गेलं, तर काय मोजायचं हेच त्याला कळणार नाही.

विज्ञान वाढलं की धर्म संपेल का?

माझ्या आजीच्या गालांवर देवीचे व्रण होते. रोगालाच देवी म्हणायचे, अंगावर फोड आले की 'देवी आल्या', आणि लस टोचायला आलेल्या माणसाला 'देवी काढणारा'. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा, आणि १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. आजीने स्वतःच्या मुलांना लस टोचून घेतली, एकालाही चुकवलं नाही. आणि श्रावणात शितळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं शिळं खायचं, तेही शेवटपर्यंत पाळलं. रोग गेला, देवी राहिली. धर्म म्हणजे फक्त निसर्गाचं चुकीचं स्पष्टीकरण असता, तर लसीबरोबर तो दिवसही संपला असता.

काही देशांत मात्र धर्म खरोखर ओसरला आहे. आरोग्य, पेन्शन, सुरक्षितता यांची हमी सरकार देऊ लागलं तिथे हे जास्त दिसतं.

हे आणि अंधश्रद्धा निर्मूलन एकच ना?

नाही, पण दोघांची गाठ पडते. डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत, की विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. ते काम माणसाला वाचवण्याचं आहे आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. आमचं काम समजून घेण्याचं. भोंदूबाबाकडे लोक का जातात हे कळलं, तर त्यांना परत आणणाऱ्याला उपयोग होईल. घाबरलेल्या माणसाला आधी विधी लागतो आणि मग कारण, हे ज्याला ठाऊक आहे तो त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल.

मला यात काही करायचंय. सुरुवात कुठून करू?

गावच्या जत्रेपासून. एकच विधी निवडा आणि सलग दोन-तीन वर्षं पाहा. मान कोणाचा, पालखीला पुढून खांदा कोण देतं, मागून कोण? बायका कुठपर्यंत जातात? काही चुकलं तर काय करतात, पुन्हा पहिल्यापासून करतात की तसंच पुढे जातात? मुंबईहून, सुरतेहून कोण येतं, आणि न येणाऱ्याबद्दल काय बोलतात? वर्गणी किती, हिशेब कोण वाचून दाखवतं? मुलं कुठे उभी असतात आणि कशाची नक्कल करतात? 'असं का करता?' हा प्रश्न शेवटी विचारा, कारण तो विचारला की लोक पुस्तकातलं उत्तर देतात. त्याऐवजी 'हे नाही केलं तर?' असं विचारा.

वही वापरा. मोबाइल काढण्याआधी विचारा, आणि गाभाऱ्यात नको म्हणाले तर नको. प्रसाद दिला तर दोन्ही हातांनी घ्या.